कुंभकोणमची वावडी आणि माझा विनोद

गेल्या वर्षी याच ब्लॉगवर मी एक विनोद केला. कुंभकोणमचे एक वाचक, माधवराव, यांनी कळवलं होतं की त्यांच्या तंजावरी मराठीत पतंगाला ‘वावडी’ म्हणतात. तमिळमध्ये वटवाघूळ म्हणजे ‘वव्वाल’. तेव्हा बिचाऱ्यांनी तिकडे वटवाघूळच उडवलं, असं लिहून मी ‘पतंग’ या शुद्ध संस्कृत शब्दाची महती गायली. तुम्हीही हसलात. मग एका जुन्या मराठी कोशात भलतंच काही शोधताना वावडी भेटली. अर्थ: कागदी पतंग. शब्द आपलाच; विसरलो आपण. फोनवर माफी मागणं जमेना, म्हणून त्यांच्या आडी महिन्यात, आपल्या आषाढ-श्रावणात, निघालो. तिकडे पतंग संक्रांतीला नाही, आडीच्या वाऱ्यावर चढतात.

चेन्नईहून सकाळची गाडी बरी. उतरल्यावर स्टेशनाबाहेर पितळी पेल्यातली कॉफी घ्यावी. खोली मात्र आधी ठरवा: आडीत साड्यांवर सूट असते, जवळच्या तिरुभुवनमला रेशीम घ्यायला आलेली कुटुंबं लॉज भरून टाकतात. मला मिळालेल्या खोलीला खिडकी होती; ती जिन्यात उघडायची.

मेलकावेरीला, माधवरावांच्या घरी, टाउन बसनं गेलो. माधवराव निवृत्त शिक्षक, ऐंशीच्या घरातले. ओसरीवर नारळाच्या हिरांचा सांगाडा, त्यावर कागद, शेपटीला जुन्या धोतराची चिंधी, डोक्याशी ताडपत्राची पट्टी. वाऱ्यात ती घुमते म्हणे. घराची रीत अशी की आडीतली पहिली वावडी वडीलधाऱ्यानं चढवायची आणि दोरा तोडून सोडून द्यायची, ‘गांवाकडे’. गाव म्हणजे महाराष्ट्र. आडीचा वारा पश्चिमेचा, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या या वावड्या बंगालच्या उपसागराकडे चालल्या आहेत. हे मी बोललो नाही. माझे विनोद त्या घरात पुरेसे पोचले होते.

कोशातल्या पानाची प्रत पुढे केली. त्यांनी चष्मा लावून वाचली, नीट घडी घातली आणि नातीला, रंजनीला, म्हणाले, “पतंग घे. चला.”

कावेरीच्या बंधाऱ्याकडे जाताना ती हळूच म्हणाली की लेख तिनंच घरात मोठ्यानं वाचला होता. अस्के, म्हणजे सगळे, हसले. तिचे ताता, म्हणजे आजोबा, तेही हसले. दुसऱ्या दिवसापासून आजोबांच्या तोंडी पतंगच.

बंधाऱ्यावर मी म्हटलं, माधवराव, चूक माझी होती, शब्द तुमचाच बरोबर. एकदा म्हणा.

“तुम्ही शिकलेले,” ते म्हणाले. “तुम्ही हसलांत तेव्हां कळलें, गांवांत हें कोणी बोलत नाहीं. मग वावडी सोडायची कोणाकडे?”

शब्द मिळाला, असा नको होता.

ती झकास चढली. ताडपत्र घुमू लागलं. रंजनीनं कात्री काढून धरली होती. माधवरावांनी कात्रीकडे पाहिलं नाही. सावकाश दोरा गुंडाळत वावडी खाली आणली आणि नातीच्या हातात दिली.

“ताता, तोडायचा नाहीं?”

“पतंग आहे. घरांत ठेव.”

मग त्यांनी मला आग्रहानं जेवायला नेलं. सांबार उत्तम होतं. मला फारसं गेलं नाही.

घरी येऊन जुना लेख दुरुस्त केला. एका वाचकानं लिहिलं, वटवाघळाचा भाग ठेवायला हवा होता, मजा होती. खरं आहे.

दर आडीत कोणीतरी आपल्याकडे काहीतरी सोडत होतं. दिशा चुकायची, एवढंच.