सत्तावीस कार्डं

"व्हेरिएबल म्हंजी फडताळातला डबा!" साहेब माझी वही उंच धरून मोठ्यानं वाचत हुता. "नाव तेच, आतलं बदलतं. आज तांदूळ, उद्या डाळ." सगळी हसली. मी मशीनपाशी उभी.

त्यानं पान उलटलं. "लूप म्हंजी घाण्याचा बैल. फिरत ऱ्हातो. थांब म्हणायला कुणीतरी पायजे." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तुमच्या वस्तीत कॉम्प्युटर पोचला वाटतं! अगं, तुझं काम बोटांचं. डोक्याचं आम्ही बघतो." वही कचऱ्याच्या टोपलीत टाकली.

कराडातल्या त्या हापिसात मी पंचिंगला हुते. साहेब पुण्यास्नं शिकून आलेला, प्रोग्राम लिवायचा. त्याच्या शीटवरची एकेक ओळ मी मशीनवर एकेका कार्डात भोकं पाडून उतरवायची. दुसऱ्या मशीनवर शमीम तीच ओळ परत मारून तपासायची. बरोबर असली की मशीन कार्डाच्या कडंला खाच पाडायचं. मग गठ्ठा एस्टीनं पुण्याला. कॉम्प्युटर तिकडं, ती भोकं वाचायचा. आमी तो डोळ्यानं कवा बघितला न्हाई. शीटा मारता मारता जे उमगलं, ते मी वहीत लिवायची.

आमच्या वस्तीतली हापिसात जाणारी मी पयलीच. वडील लष्करात शिपाई, त्यांनीच हट्टानं टायपिंगला घातलं. हापिसातल्या माठावर माझा पेला वेगळा ठिवलेला. मी गप तोच घ्यायची. नोकरी जाईल ह्या भ्यानं सगळं गिळायची. ती वहीसुदिक संध्याकाळी टोपलीतनं काढून पिशवीत कोंबली, चोरासारखी.

पंधरा दिसांनी साहेबाचा नवा प्रोग्राम आला. आकडा एकपासनं मोजत जायचा, पन्नास झाले की थांबायचं. पण आकडा एकानं वाढवायची ओळच न्हवती. मला दिसलं. खरंच दिसलं. तोंड उघडलं न्हाई. ते हसणं आठवलं. नियमबी तसाच हुता: जसं लिवलंय तसं मारायचं. मी मारलं.

पुण्यास्नं गठ्ठा परत आला, संगं चिठ्ठी. प्रोग्राम लूपमधनं बाहेरच पडत न्हाई, एखादं कार्ड कमी असावं. साहेबानं मला मॅनेजरपुढं उभं केलं. "हिनं कार्ड गाळलं." कागद टाइप करून तयार. "माझ्या निष्काळजीपणामुळे एक कार्ड गहाळ झाले," आन खाली सहीची जागा. मॅनेजर म्हणाला, "सही कर. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

पेन हातात घेतलं, खोटं कशाला सांगू? सही करून मोकळं व्हावं वाटलं. तेवढ्यात दारात शमीम दिसली. तोंडावरचा रंग उडालेला. मी कार्ड गाळलं असंल, तर हिनं तपासलं काय? माझ्या सहीनं तिचीबी नोकरी जाणार हुती.

"शीट काढा साहेब," मी म्हणाले. "ओळी मोजा. कार्डंबी मोजा."

"लूप म्हणजे काय ते कळतं का तुला?"

"कळतं की. तुमीच समद्यास्नी वाचून दावलं."

मॅनेजरनं मोजलं. शीटवर सत्तावीस ओळी. कार्डं सत्तावीस. हरेक कार्डाला खाच. मी शीटवर बोट ठिवलं. "हितं आकडा वाढवायचा ऱ्हायलाय. बैल फिरतोय, मोजणारा झोपलाय." ह्या खेपंला कुणी हसलं न्हाई.

साहेब खिडकीबाहेर बघत बसला. मॅनेजरनं कागद परत माझ्याकडंच सरकवला. "चूक कुणाचीही असो. साहेबांचं नाव पुण्यात खराब व्हायला नको. सही कर."

आरं देवा! तवा मला कळलं. ह्यास्नी चूक माथी मारायला माणूस पायजे हुता. पिढ्यान्‌पिढ्या तो आमच्यातलाच सापडतोय.

पेन खाली ठिवलं. "सही न्हाई करणार. उद्या दहाला मी येणार. काढायचं असंल तर खरं कारण लिवून काढा."

बाहेर माठापाशी गेले. समद्यांच्या पेल्यातला एक उचलला, घटाघटा पाणी प्याले. पाणी निम्मं अंगावर सांडलं. पिशवीतनं वही काढली आन मशीनवर उघडी ठिवली.

भ्या वाटतंय. आज हे सांगतानाबी वाटतंय. वाटू दे. पण चूक ज्याची, सही त्याची. दुसऱ्याच्या चुकीखाली माझं नाव मी कवाच लिवणार न्हाई.