इरल्याची खाच

आमच्या समोरचा बंगला रामनाथचा. आळेफाट्याला त्याचं ट्रकचं गॅरेज, धंदा चांगला चालतो, म्हणून अठ्ठ्याण्णव साली त्यानं स्लॅबचं घर बांधलं नि आईला, झुंबरबाईला, भीमाशंकरच्या वाटेवरच्या तळेघरवरनं खाली आणलं. आणलं म्हंजे काय, लावणीत बांधावरनं पडून तिचा पाय मोडला व्हता. पाय प्लास्टरात असताना, हितलं बांधकाम पुरं व्हईपर्यंत, ती डिंगोऱ्याला लेकीकडं पडून राहिली, नि तितनं सरळ हितं. "पाय बरा झाला की घरी सोडतो. घराला कुलूप घातलंय," हा रामनाथचा शब्द.

तिची खोली रस्त्याकडंची. खिडकी मोठी, काचेची, तोंड मावळतीला. दुपार कलली की नाशकाकडनं भीमाशंकरला जाणारी यष्टी समोरून जायची. म्हातारीला पाटी वाचता येत न्हवती, पण गाडी बरोब्बर वळखायची. "माझ्या दारावरनं जाती गं ती," मला सांगायची. मग गाडी दिसेनाशी व्हईपर्यंत गजाला नाक लावून बसायची.

चैत लागला नि त्या खोलीची भट्टी झाली. डोक्यावर स्लॅब तापलेला, समोर काच तापलेली. म्हातारी घामानं निथळायची, जेवण जायचं न्हाई. सून प्रतिभा नारायणगावावरनं जाडजूड लाल पडदा घेऊन आली, काचेच्या आतनं लावला. पोरगी वाईट न्हाई, खोटं कशाला बोलू? पण अक्कल बघा! काच तापायची ती तापायचीच, नि सगळी धग पडद्याच्या नि काचेच्या मधनं खोलीत.

"अगं, ऊन भाईरच्या भाईर अडवावं. पाऊस घरात घेऊन मग कुणी इरलं पांघरतं का?" म्हातारी म्हणाली.

ते रामनाथला पटलं. त्यानं भाईरनं गोणपाट ठोकलं, चारी कडांनी, आन् सकाळ-दुपार त्याच्यावर पाणी मारायला सुरवात केली. खोली गार झाली बरं का, खरंच गार झाली. पण आत मिट्ट काळोख, वल्या गोणपाटाचा वास, नि गाडी नुसती ऐकू यायची.

"बियाणं कणगीत घालून लिंपत्यात, तसं लिंपलंय मला," ती म्हणाली. मी रामनाथला म्हणाले, "आरं, गाडीच्या टायमाला तरी वर कर की ते." तर म्हणतो, "मावशी, तिला ऊन लागलं तर तुमी निस्तरणार का?"

एक दिस प्रतिभा बाजाराला गेलेली. झुंबरबाईनं मला आत बोलावलं, दार लोटलं, नि काठी न घेता खोलीभर चालून दाखवलं. "पाय कवाचा बरा झालाय, बाय. बोलू नगं कुणाला. राब भाजायची येळ झाली. वाफ्यावर पालापाचोळा भाजल्याबिगर भाताचं रोप टाकायचं कुठं? येत्या सोमवारी मी गाडीत बसणार."

मी तिच्या तोंडाकडं बघतच राहिले. लगीन ठरलेली पोर हसावी तशी हसत व्हती.

त्याच पायानं ती परसात गेली. सरपणाच्या ढिगावर एक जुनं इरलं पालथं घातलेलं. लावणीला वाकल्यावर डोक्यावरनं पाठीवर घेत्यात ना, बांबूच्या कामट्यांचं नि पानांचं, ते.

"ह्ये माझं," ती म्हणाली. "पर ह्ये तर दारावर टांगलेलं. हितं कसं आलं?"

"रामनाथनं आणलं असंल," मी म्हणाले.

"मग गोणपाट काढू नि ह्ये टांगू. ऊन वरच्या वर अडंल नि खालनं रस्ता दिसंल. सोमवारपत्तूर तरी उजेडात बसते."

खिडकीखालच्या ओट्यावर चढून तिनं गोणपाट खाली ओढलं. इरलं अडकवायला खिळा हाय का म्हणून चौकटीवरनं हात फिरवला. वरच्या पट्टीचा ऑईलपेंट उन्हानं पापुद्रे धरून सुटलेला, आत खड्डे बुजवायला भरलेली लांबीबी तडकून आलेली. तिनं नखानं उकरलं. खालनं खाच निघाली, कोयत्यानं पाडलेली, घासून गुळगुळीत झालेली.

तिचा हात तितंच राहिला.

रामनाथ जेवायला आला, तरी ती ओट्यावरच. "ही खाच तुज्या बापानं पाडल्याली," ती म्हणाली. "ह्ये माझं दार हाय का रं?"

रामनाथनं मान खाली घातली. "सागाचं लाकूड, आई. वाळवीनं खाल्लं असतं. घराचं सगळं उतरवून टेम्पोत घालून आणलं, दाराची चौकट ह्या खिडकीला बसवली. म्हटलं, तू काय आता परत जात न्हाईस."

मला वाटलं आता कडाडंल. शिव्या घालंल. घालायलाच पायजे व्हत्या! तिनं गपचूप इरलं उचललं नि खाचेत अडकवलं. जागच्या जागी बसलं ते.

सोमवारी दुपारी मी मुद्दाम गेले. खोलीत सावली व्हती, इरल्याखालनं रस्ता पार वळणापत्तूर दिसत व्हता. नाशकाकडनं यष्टी आली.

"अगं, तुझी गाडी," मी म्हणाले. "तुझ्या दारावरनं जायाची."

ती भिंतीकडं तोंड करून पडलेली. तिनं कूस बदलली न्हाई.

"माझं दार हितं हाय," ती म्हणाली. "ती आता कुणाच्या दारावरनं जायाची?"