पुसणिसाची खाट

कारखान्यात माझ्या धाकट्या भावाला सगळे पुसणीस म्हणायचे. लोखंडी कपाटांवर गनने रंग मारायचं त्याचं काम, पण हा रंग मारताना कमी आणि पुसताना जास्त दिसायचा. आधी पॉलिशपेपरने पत्रा खरखरीत करायचा, मग थिनरच्या फडक्याने पुसायचा, मग फडकं बदलून पुन्हा. त्यावर पाणी शिंपडायचं. पाण्याचे थेंब थेंब झाले तर कुठेतरी तेल राहिलंय, सपाट पसरलं तर पत्रा साफ. मग तो कोरडा करून प्रायमर, आणि प्रायमर वाळेपर्यंत तिकडे कुणी फिरकलं तर त्याची धडगत नसे. उघड्या पत्र्याला कुणी नुसतं बोट लावलं तरी हा पहिल्यापासून सगळं करायला घ्यायचा. नवीन नवीन नोकरीत त्याचं एक कपाट परत आलं होतं, दारावरचा रंग पंजाच्या आकारात सुटलेला. पंजा ह्याचाच. जेवून उठला होता आणि हात नीट धुतला नव्हता. तेव्हापासून हे खूळ डोक्यात बसलं ते बसलंच.

घरीही तेच. ताट-वाटी पुसल्याशिवाय जेवायला बसायचा नाही. भावजय मला म्हणायची, "वन्सं, लग्नानंतर पहिल्यांदा ह्यांनी माझा हात धरला ना, तोसुद्धा आधी रुमालाने पुसून." तो हसायचा आणि हसता हसता चमचा पुसायचा. मला वैताग यायचा. नवरा गेल्यापासून मी त्यांच्याकडेच राहते आणि माझं तोंड कसं आहे ते दोघांनाही चांगलं ठाऊक होतं.

मग भावजयीची फुप्फुसं कामातून गेली. बरेच दिवस इस्पितळात काढल्यावर डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाहेरच्या बोळात बोलावलं. म्हणाले, "आता औषधांनी काही व्हायचं नाही. घरी न्या, आपल्या माणसांत राहू द्या. फक्त सपाट निजवू नका, श्वास कोंडेल. उशाकडून वर होणारी खाट घरी आली की आम्ही सोडतो." मला कळायचं ते कळलं. भिंतीला टेकून मी रडून घेतलं. हा म्हणाला, "रडतेस काय ताई? घरी सोडतायत म्हणजे सुधारतेय ती."

तसली खाट भंगारवाल्याकडे मिळाली. दांडा फिरवला की उशाकडचा भाग बरोबर वर यायचा. रंगाचे पोपडे निघाले होते, खाली गंज होता. मी म्हटलं, वर जाड चादर टाकू आणि उद्याच तिला आणू. पण ऐकतोय कोण? मालकाने कारखान्यातला एक कोपरा दिला आणि हा खाट घासायला बसला. पार उघड्या लोखंडापर्यंत घासली.

वॉर्डात भावजय मला रोज एकच विचारायची, "वन्सं, खाट झाली का?" तिच्या शेजारची बाई त्याच आठवड्यात गेली होती. नर्सने मधला हिरवा पडदा ओढून घेतला होता आणि पडद्यापलीकडचं सगळं हिला ऐकू येत होतं. एकदा तिने माझं मनगट धरलं. म्हणाली, "मला इथे मरायचं नाहीये. ह्या पडद्याआड नको. मला आपल्या घरी न्या."

हे मी त्याला जसंच्या तसं सांगितलं. तो घाबरला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याने कामात घाई केली. रंगाचा पहिला हात पुरता वाळायच्या आत दुसरा मारला. सकाळी बघतो तर उशाकडच्या पट्टीवर रंगाला सुरकुत्या.

मी अक्षरशः हात जोडले. "राहू दे रे. उशीमागे कुणाला दिसतंय?"

त्याने खरवडायची पट्टी हातात घेतली होती. "हा रंग टिकायचा नाही ताई. दोन वर्षांत सुटेल. मग काय तिला खाटेवरून उठवून पुन्हा रंगवत बसू?"

"दोन वर्षं?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "डॉक्टर बोलले तेव्हा कान कुठे होते तुझे? अरे, नुसत्या लोखंडावर गंज चढायला जेवढे दिवस लागतात, तेवढे तरी आहेत का तिच्याकडे?"

मला वाटलं, आता पट्टी खाली ठेवेल. त्याने पट्टीची धार फडक्याने पुसली आणि खरवडायला लागला. त्या दिवशी त्याला बडवून काढावंसं वाटलं मला, अजूनही वाटतं. मी तशीच इस्पितळात गेले आणि तिला घरी सोडा म्हणून नर्सच्या मागे लागले. नर्स म्हणाली, "खाटेशिवाय नेलंत तर पहिल्याच रात्री जाईल ती."

खाट पुन्हा घासून झाली, पुसून झाली, प्रायमर झाला. दुसरा हात मारायचा त्या दिवशी सकाळपासून भावजयीला धाप लागली होती. खाटेचं तिने विचारलंच नाही. दुपार व्हायच्या आधी नर्सने तो हिरवा पडदा ओढला. मी आत तिच्याजवळ होते. ती पडद्याकडेच बघत होती, आणि बघता बघताच गेली.

मी चालत कारखान्यात आले. तो उशाकडच्या पट्टीवर शेवटचा हात मारत होता. मी दारातूनच म्हटलं, "ती गेली रे."

गन चालू होती. मध्येच हात थांबवला तर रंग साचतो आणि ओघळ येतो, हे एव्हाना मलाही माहीत झालं होतं. त्याने हात पट्टीच्या टोकापर्यंत नेला, मग गन बंद केली. माझ्याकडे बघितलं नाही.

"दार लाव ताई, धूळ येतेय," तो म्हणाला. "संध्याकाळपर्यंत वाळेल. मग आणू तिला."

त्याला ऐकू गेलं होतं. मी दार लावलं आणि पुन्हा एकदा सांगायला त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.