सतरा नंबरचा डबा

दुपारचे अडीच वाजलेत, जेवण अंगावर आलंय. समोरच्या परवानगीच्या अर्जावर एकच ओळ उरलीय : ‘मूळ दाता निरोगी होता, असे मी प्रमाणित करते.’ खाली सहीची जागा. मी पेन उघडते, डोळे जड होतात, आणि समोरच्या खुर्चीत वैजू बसलेली असते.

वैजयंती बेडकिहाळ, निपाणीची. पीएचडीची पाच वर्षं आम्ही एकाच टेबलावर काढली. तिला जाऊन नऊ वर्षं झालीत.

“खुर्ची मोठी मिळाली की गं शलाके,” ती म्हणते. “फिरती पण आहे.”

“संचालक आहे मी आता.”

“बघतेय की. आतड्यातल्या जिवाणूंची मोठी बाई!”

मला राग येतो. जर्मनीत तीन वर्षं मी लोकांची विष्ठा डब्यांत भरली. परत येऊन जिन्याखालच्या खोलीत लॅब थाटली, नातेवाइकांचं नाक मुरडणं सोसलं. फुकट काही मिळालेलं नाही.

वैजू केबिनचं दार उघडते. बाहेर हॉस्टेलची मेस आहे. ताटांत भाकरीऐवजी काचेच्या बशा, त्यांत वाढवलेले जिवाणू. ती एकेक बशी मोजत वाढत जाते आणि सोळावर थांबते.

“सतरावा कुठाय?”

“माहीत आहे तुला.”

माहीत दोघींनाच आहे. पीएचडीला वीस निरोगी माणसांच्या विष्ठेचे नमुने हवे होते. फ्रीझर बंद पडला, सतरावा वितळून वाया गेला. तो देणारा गडी ऊसतोडीला निघून गेलेला, आणि शोधनिबंध पाठवायला चार दिवस उरलेले. तेव्हा वैजूच स्वतःचा डबा भरून हसत आली होती. “घे, अस्सल निपाणीचा माल!” मी डब्यावर त्या गड्याचाच नंबर घातला. नवा जिवाणू सापडला तो नेमका त्याच डब्यात. जर्मनी, लॅब, ही खुर्ची, सगळं त्याच्या जिवावर.

मेसची बाकडी आता खाटा झालीत. वैजू एका खाटेवर आहे, हाताला सलाईन, तोंड एवढंसं.

“आतड्यातली गाठ पाच-सहा वर्षं जुनी असेल, असं डॉक्टर म्हणाले,” ती म्हणते. “मी बोटांवर वर्षं मोजली. तूही मोजलीस.”

“मी तेव्हा घाबरले होते गं.”

“मोजलीस की नाही?”

“मोजली.”

“म्हणजे डबा दिला तेव्हा मी निरोगी नव्हते.”

“त्या जिवाणूचा गाठीशी संबंध असेलच असं नाही.”

“नसेलच असंही नाही. तपासलंस कधी?”

मी खाटेच्या कडेला बसते. तपासलं असतं, तर तो डबा कुणाचा हे सांगावं लागलं असतं. मी भित्री आहे, आणि हे मला नऊ वर्षं माहीत आहे.

“दोनशे माणसांना त्या जिवाणूच्या गोळ्या देणार म्हणे?”

“परवानगी मिळाली तर.”

ती माझा हात ओढून घेते. खिशातून मार्कर काढते आणि तळहातावर सतरा लिहिते. लॅबमध्ये कागद सापडला नाही की ती असंच करायची, हात कुणाचाही असो.

“तोंड पाडू नकोस,” ती म्हणते. “स्पिरिटनं निघतं.”

दारावर टकटक होते. मी दचकून जागी होते. केबिन, पंखा, अर्ज, सगळं जागच्या जागी. उजव्या तळहातावर निळ्या मार्करनं लिहिलंय : १७. सातची शेपटी तिच्यासारखीच लांब ओढलेली. माझ्या टेबलावर मार्कर नाही.

मला मोठ्यानं रडावंसं वाटतं. मी कपाट उघडते, कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेते आणि चोळते. एकदा, दोनदा. तळहात स्वच्छ होतो.

“मॅडम,” दाराबाहेरून ढवळे शिपाई विचारतात, “कुरियरवाला थांबलाय. सही झाली का?”

निळा झालेला बोळा मी डाव्या मुठीत दाबून धरते.

“झाली,” मी म्हणते, आणि मग करते.