घोंगड्याचं टोक

मी शिवऱ्याला ज्या कारखान्यात कामाला जाते तिथं दोरा कातत नाहीत, गाळतात. साबुदाण्यासारखे पांढरे दाणे पोत्यांतून येतात, भट्टीत वितळतात आणि तो पाक बारीक भोकांच्या ताटलीतून शेवयांसारखा खाली उतरतो. गार हवा लागली की झाला धागा. मग तो ताणून रिळांवर गुंडाळायचा. साड्या, शाळेचे गणवेश, गाड्यांची सीटं, ब्लँकेटं, सगळं त्याचंच. तुटका धागा हेरायचं काम माझं. आईला हे सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "म्हंजी मेंढरू न्हाईच त्यात?"

आमची वस्ती वेल्ह्याच्या वर, डोंगरात. वडलांनी, आबांनी, मेंढरं कातरायची, आईनं सूत काढायचं आणि भोरकडल्या एका विणकरानं त्याचं घोंगडं विणायचं, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. त्या विणकरानं माग मोडून सरपणात घातला. तेव्हापासून आमची लोकर कुणी फुकट न्यायलाही तयार नव्हतं. कातरायची आणि ओढ्यात फेकायची. तरी कातरावी लागायचीच, नाहीतर मेंढराला गोचीड खातात.

आबांचं जुनं घोंगडं मात्र शेवटपर्यंत राबलं. पाऊस, थंडी, अंथरूण, सगळ्याला तेच. चुलीवरचं पातेलंही ते घोंगड्याच्या टोकानंच उतरवायचे. सांडशी आमच्या घरात भिंतीला टांगून टांगून म्हातारी झाली. ठिणगी पडली तर टोक मुठीत दाबायचं. जळक्या केसांचा वास यायचा आणि विस्तव मरायचा. डोंगरातल्या सगळ्याच बाप्यांची ही सवय.

ते घोंगडं विरलं तेव्हा पानशेतला सुट्टीला येणाऱ्या पुण्याच्या पाहुण्यांनी वस्तीवर ब्लँकेटं वाटली. फोटो काढले, चहा प्यायले, गेले. माणसं वाईट नव्हती, उगाच का बोलू. आबा तर खूश. "लई मऊ हाय गं. अन्‌ धुतलं की लगीच वाळतंय."

मागच्या हिवाळ्यात त्यांनी त्याच ब्लँकेटच्या टोकानं दुधाचं पातेलं उतरवलं. टोकानं पेट घेतला. आबांनी पातेलं खाली ठेवलं आणि नेहमीसारखी मूठ दाबली. घोंगड्यातला विस्तव मुठीत मरतो. हे वितळलं आणि तळहाताला चिकटलं. आई सांगते, ते मूठ उघडायला गेले तर कातडंच येत होतं. उजवा हात.

मी शिवऱ्याहून सुट्टी टाकून भोरच्या दवाखान्यात पोचले तेव्हा ते बँडेजकडे बघत बसले होते.

"तुज्या कारखान्यात ह्येच बनतं का गं?"

"व्हय, आबा."

"कशापास्नं?"

"जमिनीतल्या तेलापास्नं. ज्याचं डिझेल निघतं ना, त्याच्यापास्नं."

"म्हंजी म्या डिझेलच पांघरलं व्हतं म्हन की," म्हणाले आणि हसले. मला हसू आलं नाही. मला त्या पाहुण्यांचा, कारखान्याचा, त्या मऊपणाचा संताप आला, आणि संताप करून काय होणार होतं तेही कळत होतं.

जखम भरली, पण बोटं आखडून राहिली. कातर चालवायला मूठ मिटावी लागते आणि उघडावी लागते. आबांना दोन्ही जमेना. कातरणीच्या दिवसांत त्यांनी एक म्हातारी मेंढी धरली. एक कूस कातरून झाली, मग कातर हातातून सारखी निसटायला लागली. मी घेतली, तर मेंढीच्या अंगातून रक्त आलं. आबांनी कातर माझ्या हातातून काढून घेतली, पुसली आणि वळचणीला खोचली. फेकून द्यायच्या लोकरीसाठी मजुरी देऊन माणूस कोण लावणार? टेम्पो आला, कळप विकला गेला. ती म्हातारी तशीच अर्धी कातरलेली गेली.

आता पुन्हा थंडी पडलीय. घोंगडं विणणारं कुणी नाही आणि लोकर द्यायला मेंढरं नाहीत. आबा अजून तेच ब्लँकेट पांघरतात, जळकं टोक आत दुमडून. आई चुलीजवळ बोलावते, पण ते दाराशी, गार भिंतीला टेकून बसतात.

"हितं बरं हाय," म्हणतात, आणि कुडकुडत राहतात.