सरावापुरती मुलं

विद्यापीठात बी.एड.च्या वर्गावरून जाताना मी खिडकीशी थबकले. आत सराव पाठ चालला होता. एक विद्यार्थिनी बाई झाली होती आणि तिचे वर्गसोबती पाचवीतली मुलं. चांगली तिशी-चाळिशीची माणसं हाताची घडी घालून, शहाण्यासारखी बसली होती.

शिवण शिकणारा आधी कागद कापतो. शिकवायला शिकणाऱ्याने काय कापायचं? कुणाच्या लेकराचा तास वाया घालवायचा? म्हणून ही माणसं आळीपाळीने एकमेकांसाठी लहान होतात. ग्रंथालय, वसतिगृह, शिकणाऱ्या आयांच्या मुलांसाठी पाळणाघर या सोयी विद्यापीठ देतं. ही सोय मात्र त्यांची त्यांनाच करावी लागते.

बाईंचा आवाज थरथरत होता. तेवढ्यात मागच्या बाकावरचे टक्कल पडलेले गृहस्थ उठले. "बाई, हवा दिसत नाही, मग ती आहे कशावरून?"

ती टेबलाजवळ ठेवलेल्या बादलीकडे वळली. मग साहित्य कक्षातून आणलेला काचेचा पेला तिने उचलला, तळाशी कागदाचा बोळा कोंबला आणि पेला उपडा धरून बादलीतल्या पाण्यात सरळ खाली दाबला.

"कागद भिजेल का?" आता आवाज थरथरत नव्हता.

बाकं करकरली. कुणी भिजेल म्हणे, कुणी नाही. टक्कलवाले गृहस्थ तर पुढे येऊन बादलीवर ओणवे झाले. लहान असल्याचं नाटक कधी संपलं, कुणालाच कळलं नाही.

"ओरडू नका. भिजणार नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

खिडकीबाहेर माझा हात वर गेला होता.