विहीणबाईंची शेवटची फेरी आणि पुलावरचे व्याही

आमचे व्याही फोटोग्राफर. त्यांची मुलगी आमच्या थोरल्याला दिली, तेव्हापासून आमचं असं सूत जुळलं की सून माहेरी गेली नाही तरी मी जातो. त्यांचा स्टुडिओ म्हणजे बसस्टँडच्या मागची एक अरुंद खोली. भिंतीवर निळा पडदा, समोर फिरतं स्टूल, आरशापाशी दोरीला बांधलेला कंगवा आणि खुंटीला काळा कोट. त्या कोटाला पाठच नाही. समोरून साहेब, मागून बनियन! कुठल्याही अंगाला बसावा म्हणून मुद्दाम तसा शिवून घेतलेला. निम्म्या गावाच्या ओळखपत्रावर तोच एक कोट आहे.

गाव त्यांना ‘हलूनका’ म्हणतं. बटण दाबण्याआधी ते डावा हात वर करतात आणि म्हणतात, “हलू नका!” आवाज असा की माणूस जागच्या जागी खुंटाच होतो. एका सुतारबुवांनी एकदा श्वास इतका कोंडला की फोटो झकास आला, पण बुवा स्टुलावरून खाली. आमचे व्याही त्यांना उठवायच्या आधी विचारतात, “डोळे उघडे होते ना?” हल्ली तर ते रस्त्यात कुणाला रामराम घालायला हात वर करतात, तरी समोरचा हनुवटी सावरून उभा राहतो.

आणि अशा माणसाच्या घरात बाई कोण, तर बसची ड्रायव्हर. विहीणबाई म्हणजे पारा. चहा उभ्याने, जेवण घाईत, आणि बोलणं दुसऱ्या गिअरमध्ये कधी नाहीच, एकदम चौथ्यात. साऱ्या गावाचे चेहरे त्या स्टुडिओत टिपले गेले, पण बायकोचा एक फोटो धड नाही. लग्नाच्या फोटोत नवरदेव खांबासारखे उभे आणि शेजारी नुसती एक झुळूक. नंतरच्या एकात डोळे मिटलेले, एकात तोंड वळलेलं, एकात फक्त कोपर.

एरवी हे हसण्यावारी गेलं असतं. पण विहीणबाई निवृत्त व्हायला आल्या. त्यांच्या डेपोत एक रीत आहे: जो ड्रायव्हर नोकरी पुरी करतो, त्याचा फोटो चालकांच्या विश्रांतीच्या खोलीत भिंतीवर लागतो. डेपो मॅनेजरने फोटो मागितला, तर बाई म्हणाल्या, “लावा ना ओळखपत्रावरचाच.” तो फोटो मी पाहिलाय. त्यात त्या आहेत असं नुसतं मानावं लागतं.

त्या संध्याकाळी व्याही स्टुडिओत पाठ नसलेला कोट मांडीवर घेऊन बसले होते. मला म्हणाले, “व्याही, त्या भिंतीवरचे सगळ्या ड्रायव्हरांचे फोटो मीच काढलेत. आता हिच्या जागी तो डाग लागणार. लोक म्हणतील, दिव्याखाली अंधार.”

“मग बसवा की स्टुलावर!”

“आजवर मी काय झोपा काढल्या? बसत नाही ती. बसली तर हलते. हलली नाही तर हसते.”

मग एक दिवस गेलो, तर स्वारी एकदम खुशीत. कुठेसं त्यांनी रस्त्याचे फोटो पाहिले होते. गाडी एकही नाही, नुसत्या दिव्यांच्या लांबच लांब रेघा, येणाऱ्या पांढऱ्या आणि जाणाऱ्या लाल. मला समजावलं ते असं: कॅमेऱ्याचं शटर पटकन उघडून मिटायचं नाही, बराच वेळ उघडं ठेवायचं. जे जागेवर आहे ते ठसठशीत येतं. जे पळतं ते पुसलं जातं, फक्त त्याचा दिवा जिथून जिथून गेला तिथे रेघ उमटते. आमच्या शाळेत प्रकाशाचा धडा एका पानाचा होता आणि तेही पान कुणीतरी फाडलेलं, तरी मला पटलं. अंधारात जळकी काडी फिरवली की गोल दिसतो, तसंच की हे!

“ही स्थिर बसत नाही ना? नको बसू दे,” व्याही म्हणाले. “मी हिचं पळणंच काढतो. हिची बस वळणावरून येताना.”

आणि मग आम्ही दोघे म्हातारे रोज तिन्हीसांजेला पादचारी पुलावर. आकाशात थोडी निळाई शिल्लक आणि गाड्यांचे दिवे लागलेले, ही वेळ त्यांना हवी असायची. सुरुवातीचे फोटो म्हणजे मांजराने खेळलेली लोकर. कारण कुणी पुलावरून चाललं की पूल थरथरायचा, पुलाबरोबर कॅमेरा आणि कॅमेऱ्याबरोबर सगळ्या रेघा. मग जागा बदलली, पुलाच्या खांबाच्या बरोबर वर आलो, तिथे पूल हलत नाही. कॅमेऱ्याच्या तीन पायांच्या स्टँडला माझी बटाट्यांची पिशवी लटकवली, म्हणजे तो जड होऊन घट्ट राहील. घरी बटाटे उशिरा पोचायचे आणि माझी हजेरी घेतली जायची, पण रेघा सरळ आल्या. शिवाय बसच्या टपाला बारीक नारिंगी दिवे असतात, त्यांची रेघ बाकी गाड्यांच्या वरून जाते. म्हणजे बस कुठली ते ओळखू येणार. सगळं जमलं.

संधी मात्र एकच. विहीणबाईंच्या अखेरच्या दिवशी नेमक्या त्या उजेडात त्यांची एकच फेरी तिथून जाणार होती. सकाळीच व्याहींनी बजावलं, “अगं, मी पुलावर असेन. तू नेहमीसारखी ये आणि नेहमीसारखी जा. माझ्याकडे बघूसुद्धा नकोस.”

“तुमच्याकडे बघत बसले असते तर संसार झाला असता का?” असं म्हणून बाई डबा उचलून गेल्यासुद्धा.

पुलावर माझ्याकडे काम होतं लोकांना थोपवायचं. शटर उघडं असताना कुणी चालायचं नाही. भाजीची पिशवी घेतलेल्या एका मावशींनी मला खालून वर पाहिलं.

“का थांबायचं? मंत्री येतोय का कुणी?”

“मंत्री कसला, माझी विहीण येतेय!”

“मग थांबायलाच पाहिजे बाबा,” मावशी म्हणाल्या आणि पिशवी खाली ठेवून कठड्याला टेकल्या.

वळणावर नारिंगी दिवे दिसले. व्याहींनी वायरीचं बटण दाबलं, शटर उघडलं. आणि जन्माची सवय ती! माणूस घाबरला की सवयच पुढे धावते. त्यांचा डावा हात वर गेला.

पुलाच्या अलीकडे बसचा थांबा आहे. बस आली, थांब्याला लागली आणि थांबली. दार उघडलं, आतला दिवा लागला, पुढचे मोठे दिवे विझले. बाई स्टिअरिंगवर हात ठेवून, मान वर करून, पुलाकडे बघत बसल्या. हूं नाही की चूं नाही.

“अगं चल! चल पुढे!” व्याही ओरडले. खाली हॉर्नचा नुसता गदारोळ, कोण ऐकतो! हात खाली घ्यायचं मात्र त्यांना सुचलं नाही. मीच तो धरून खाली ओढला. तेवढ्यात शटर मिटलं; हात खाली आला तशी बसही हलली आणि पुलाखालून गेली.

“गेलं,” व्याही म्हणाले. “सगळं मुसळ केरात.” त्यांनी कठड्यावर डोकं टेकलं.

त्या कॅमेऱ्याची एक खोड आहे. शटर जितका वेळ उघडं, तितकाच वेळ तो नंतर आत काहीतरी करत बसतो आणि तोवर पडदा काळाच. मी त्या काळ्या पडद्याकडे बघतोय, मावशीही माझ्या खांद्यावरून बघताहेत. मग चित्र उमटलं, आणि पहिल्यांदा बोलल्या त्या मावशीच.

“अय्या, ही तर आमच्या बसवरची बाई!”

व्याहींनी डोकं वर केलं.

वळणावरून दोन पांढऱ्या रेघा आल्या होत्या आणि त्यांच्या वरून एक नारिंगी. तिन्ही थांब्यापाशी येऊन संपल्या, आणि तिथे बस उभी, नंबरासकट ठसठशीत. शेजारून बाकी गाड्यांच्या लाल-पांढऱ्या नद्या वाहताहेत. काचेमागे विहीणबाई. डोळे उघडे, चेहरा लख्ख, ओठांवर हसू येऊ घातलेलं. मागचे प्रवासी मात्र काय झालं म्हणून इकडेतिकडे वाकलेले, त्यामुळे त्यांचा सगळ्यांचा धूर झालेला.

व्याहींनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मग तोच पुसलेला चष्मा पुन्हा पुसला.

घरी बाई आल्या तशी व्याहींनी आधी तोफ डागली, “इतका वेळ थांबून राहिलीस कशाला? सांगितलं होतं ना?”

“थांबा होता, थांबले. चढणारी माणसं काय उडत येणार होती? आणि तुम्ही हात वर केलात, मग बसले गप्प.”

“मग घरी का गप्प बसत नाहीस?”

“घरी तुम्ही बोलता हो! हनुवटी खाली, मान वर, डावा खांदा सैल, नाक सरळ. नाक काय मी वाकडं केलंय? मला हसूच आवरत नाही. आज तुम्ही लांब होतात, एक शब्द ऐकू आला नाही. काय छान वाटलं म्हणून सांगू!”

यावर आमच्या व्याहींनी चष्मा काढून तिसऱ्यांदा पुसला.

फोटो पाहून डेपो मॅनेजर कुरकुरला. म्हणाला, भिंतीवर सगळे छातीपर्यंतचे फोटो आहेत, हा केवढा मोठा! आणि थांब्यावर इतका वेळ बस उभी? विहीणबाई म्हणाल्या, “साहेब, आता माझं काय कापणार? पगार तर कालच संपला.” मॅनेजरच हसला आणि शिपायाला म्हणाला, “खिळा मोठा आण रे.”

फोटो लागला. पण तो ड्रायव्हरांपुरता राहीना. त्या फेरीचे प्रवासी खबर लागताच विश्रांतीच्या खोलीत डोकावायला लागले. परवा मी तिथेच होतो. एक टोपीवाले गृहस्थ बायकोला हाताला धरून घेऊन आले, काचेवर बोट टेकवलं आणि छाती फुगवून म्हणाले, “हा बघ, तिसऱ्या खिडकीतला धूर. तो मी.”

बायकोने नाक लावून निरखून पाहिलं आणि म्हणाली, “हो गं बाई! कितीतरी दिवसांनी फोटोत बरे आलात.”